घरात मूल सुरक्षित आहे का, हे कसं ठरवतात?

बाल कल्याणवाले गरिबाची पोरं उचलून नेतात, अशी समजूत आपल्या वस्त्यांमध्ये पक्की बसली आहे. कार्यकर्त्यांमध्ये याच्या उलट समजूत दिसते: १०९८ ला फोन लावला की आपलं काम झालं, पुढचं सरकार बघेल. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींचा तोटा मुलालाच होतो. पहिलीमुळे फोनच होत नाही. दुसरीमुळे फोन होतो, पण दोन महिन्यांनी ते मूल त्याच घरात, त्याच माणसासमोर पुन्हा एकटं असतं.

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात घरातल्या भानगडीची पहिली खबर पोलिसांना किंवा बाल कल्याण समितीला लागत नाही. ती लागते जयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्या पोराला, विहारात वंदना घेणाऱ्या उपासिकेला किंवा अंगणवाडीच्या ताईंना. म्हणून घरातल्या मुलाची सुरक्षितता तपासतात म्हणजे नेमकं काय करतात, ते कोण करतं आणि कायदा काय सांगतो, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

पहिले चोवीस तास

या कामाचा मुख्य कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. त्यात मुलांचे दोन गट केले आहेत. कायद्याशी संघर्षात आलेली मुलं बाल न्याय मंडळापुढे जातात. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं बाल कल्याण समितीपुढे येतात. दुसऱ्या गटाची व्याख्या बरीच रुंद आहे. ज्याच्याकडे मूल राहतं त्यानेच त्याला मारलं, वापरून घेतलं किंवा टाकून दिल्यासारखं ठेवलं, तर ते मूल या गटात येतं, मग तो माणूस सख्खा बाप का असेना. ज्या मुलीचं वयाआधी लग्न लावण्याचा धोका आहे तीही यातच येते. हे अनेकांना माहीत नसतं.

प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या खंडपीठाचे अधिकार आहेत, म्हणून तिचा आदेश म्हणजे सल्ला नव्हे. समितीचे हातपाय म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्ष. तो जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी जोडलेला असतो आणि घरोघर जाणारे सामाजिक कार्यकर्ते, समुपदेशक, संरक्षण अधिकारी त्यात असतात. माणसं मोजकी आणि तालुके आठ. उमरगा कर्नाटकाच्या सीमेला टेकलेला, परंडा पार दुसऱ्या टोकाला सीनेकडे. फोन आल्यावर अर्ध्या तासात गाडी दारात उभी राहील अशी अपेक्षा ठेवू नका. आत्ता, या क्षणी मारहाण चालू असेल तर ११२ वर पोलिसांनाच बोलवायचं. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याचं नाव आधीच माहीत करून ठेवावं.

मुलाला ताब्यात घेतलं तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करावं लागतं. समितीची बैठक नसेल त्या दिवशी एका सदस्यापुढे नेलं तरी चालतं. मात्र गृहभेट म्हणजे मूल ताब्यात घेणं नव्हे. बहुतेक प्रकरणांत पहिल्या भेटीत मूल कुठेही नेलं जात नाही. समिती सामाजिक तपासणी अहवाल मागवते, तो पंधरा दिवसांत द्यायचा असतो, आणि पुढची चौकशी चार महिन्यांत पूर्ण करायची असते.

गृहभेटीत काय पाहतात

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ते बनवलेलं आहे, पण जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामात कुणालाही ओळखीचं वाटेल असं आहे. आईबाप दिवाळीनंतर कोयत्यावर गेलेत. अकरा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा भाऊ आजीजवळ आहेत. त्याच घरात चुलता राहतो, तो पितो. शेजारणीचा फोन येतो: पोरगी शाळेत जात नाही, दंडावर वळ आहेत, रात्री रडण्याचा आवाज येतो.

गृहभेटीला गेलेली कार्यकर्ती दोन वेगवेगळे प्रश्न डोक्यात ठेवून जाते. आज रात्री ही मुलं या घरात सुरक्षित आहेत का, हा पहिला. पुढच्या काही महिन्यांत काय होऊ शकतं, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच, उठायच्या आत मिळवावं लागतं. दुसऱ्याला दोन-तीन भेटी, शाळा, अंगणवाडी, नातेवाईक, असा वेळ लागतो. नवीन कार्यकर्ते हे प्रश्न एकत्र करतात. मग कधी घाबरून मुलाला उगाच बालगृहात नेलं जातं, तर कधी ‘अहवालात बघू’ म्हणत आजची रात्र सोडून दिली जाते.

मुलीशी एकटीने बोलणं ही पहिली अट. आजीसमोर नाही, चुलत्यासमोर तर नाहीच. शेळीला पाला घालायला, पाणी भरायला तिच्याबरोबर गेलं तरी चालतं. ‘काकाने मारलं ना?’ असं विचारायचं नसतं, कारण ते उत्तर तिच्या तोंडात घालणं झालं. ‘दंडाला काय झालं?’ एवढंच विचारून थांबायचं. ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत लिहायचं. ती ‘हाणलं’ म्हणाली तर कागदावर ‘हाणलं’च यावं, ‘शारीरिक मारहाण’ नको. पुढे हेच शब्द पुरावा ठरतात.

मग अंग. खेळता-पडता मुलांना गुडघ्याला, नडगीला, कोपराला लागतं. कानावर, पाठीवर, दंडाच्या आतल्या बाजूला, मांडीवर लागलेलं वेगळं असतं. पट्ट्याचा, वायरीचा, बोटांचा आकार दिसणारा वळ आणखी वेगळा. सांगितलेली गोष्ट आणि जखम जुळते का, आणि आजी एक कारण, चुलता दुसरं, मुलगी तिसरं सांगते का, हे पाहायचं. जखमेचं वय आणि कारण डॉक्टर ठरवतो, कार्यकर्तीने तो निकाल देऊ नये.

घरात चूल पेटलेली आहे का, धान्य आहे का, मुलं कुठे झोपतात, आतून कडी लागते का, पाच वर्षांच्या भावाचं वजन अंगणवाडीच्या नोंदीत घसरतंय का, शाळेच्या हजेरीपटात खाडे कुठल्या दिवसापासून सुरू झाले, ही सगळी माहिती एकमेकांशी ताडून पाहतात. खाडे चुलता घरी परत आल्याच्या आठवड्यापासून सुरू झाले असतील, तर तो नुसता हजेरीचा प्रश्न राहत नाही.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो आजीला. मुलाच्या आणि धोक्याच्या मध्ये उभं राहू शकेल असं मोठं माणूस घरात आहे का, यावर अर्धा निर्णय ठरतो. ‘मी बघते, तुम्ही जा’ असं आजी म्हणते, मनापासून म्हणते. पण घर कोणाच्या नावावर आहे? रेशन कोण आणतं? तिच्या बीपीच्या गोळ्यांचे पैसे कोण देतं? या सगळ्याचं उत्तर ‘तो चुलताच’ असं असेल, तर आजीची माया कितीही खरी असली तरी ती त्याला दाराबाहेर ठेवू शकणार नाही. म्हणून प्रेम आहे का आणि संरक्षण करण्याची ताकद आहे का, या दोन गोष्टी अहवालात वेगळ्या लिहायला लागतात. हा फरक ज्याला कळला त्याला निम्मं काम कळलं.

आता मार्ग काय? चुलता दुसरीकडे राहायला जाईल आणि सरपंच, अंगणवाडीताई, एक शेजारीण रोज लक्ष ठेवतील, अशी लेखी योजना होऊ शकते. दुसऱ्या गावातल्या मावशीला समिती ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता देऊन मुलं तिच्या ताब्यात देऊ शकते. आईला परत बोलावता येतं, आणि कागदावर हाच सगळ्यात चांगला उपाय दिसतो. पण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायको परत आली तर कोयता मोडतो, मुकादमाची उचल अंगावर राहते आणि पुढच्या हंगामात दुप्पट राबावं लागतं. ‘आईला मुलांची काळजी नाही’ असं वाक्य अहवालात लिहिणाऱ्याने एकदा उचलीचा हिशेब समजून घ्यावा. बालगृह हा या सगळ्यानंतरचा मार्ग. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असेल, हे कायद्याच्या कलम ३ मधल्या तत्त्वांतच लिहिलेलं आहे.

मुलगी साताऱ्याच्या किंवा बेळगावच्या फडावर असताना प्रकार उघडकीला आला, तर तिथली समितीही कारवाई करू शकते आणि नंतर प्रकरण धाराशिवला पाठवू शकते. ‘तुमचं गाव कोणतं, तिकडे जा’ असं कोणी म्हणालं तर ते ऐकून परत फिरू नका.

गरिबीला दुर्लक्ष म्हणायचं नाही

आपल्या समाजाला या यंत्रणेची भीती वाटते, तिला इतिहास आहे. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यात १८९७ साली दुरुस्ती करून त्या जमातींची मुलं आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची सोय केली गेली. सोलापूरची सेटलमेंट इथून किती लांब? पारधी, कैकाडी आणि इतर जमातींच्या पिढ्या तारेच्या कुंपणात गेल्या. तो कायदा १९५२ साली गेला. पारधी वस्तीवर सरकारी गाडी दिसली की बाया मुलांना घेऊन शेतात पळतात, त्याचं मूळ तिथे आहे. ऑस्ट्रेलियात आदिवासींची मुलं ‘भल्यासाठी’ म्हणून काढून घेतली गेली, आणि त्याबद्दल तिथल्या पंतप्रधानांना २००८ साली संसदेत माफी मागावी लागली. नॉर्वेत २०११ साली एका भारतीय जोडप्याची दोन मुलं नेली गेली, त्यावरचा हिंदी सिनेमा अनेकांनी पाहिला असेल. हाताने भरवणं, मुलांनी आईबापाजवळ झोपणं, यावरही तिथे बोट ठेवलं गेल्याचं त्या पालकांचं म्हणणं होतं.

हे फक्त परदेशात होतं असं नाही. इथलेच अहवाल वाचा. ‘अस्वच्छ वस्ती’, ‘व्यसनी समाज’, ‘पालक अशिक्षित असल्याने मुलांकडे लक्ष नाही’ अशी वाक्यं लिहिणाऱ्याची जात आणि वर्ग कागदावर उमटवून जातात. पत्र्याचं घर आणि एकाच खोलीत सहा माणसं, ही गरिबी. मूल तापाने फणफणलंय, सरकारी दवाखाना जवळ आहे, सांगूनही नेलं जात नाही, हे दुर्लक्ष. पहिल्यावर उपाय पैसा आणि योजना, दुसऱ्यावर संरक्षण. निव्वळ गरिबीमुळे मूल कुटुंबापासून वेगळं करू नये, हे संयुक्त राष्ट्रांनी २००९ साली मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे.

योजनाही आहेत. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या, पालक गंभीर आजारी असलेल्या, कुटुंब विस्कटलेल्या मुलांना दरमहा २,२५० रुपये मिळतात. मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वाची रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे, त्यासाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरातल्या विधवा आईची मुलं या पैशावर घरातच वाढू शकतात. आपल्या जिल्ह्यात अशी घरं किती आहेत, हे वेगळं सांगायला नको. मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक खातं, एवढे कागद जमवून देणं हे बाल संरक्षणाचंच काम आहे. त्याचा फोटो काढण्यासारखा कार्यक्रम होत नाही, म्हणून ते मागे पडतं.

पण संस्कृतीचा आणि जातीचा आदर म्हणून डोळे झाकणं, ही याच चुकीची दुसरी बाजू. लंडनमध्ये २००० साली व्हिक्टोरिया क्लिम्बिये नावाची आठ वर्षांची आफ्रिकी मुलगी नातेवाईक बाईच्या घरी छळ होऊन मेली. दवाखाने, पोलीस, समाजसेवा खातं, सगळ्यांच्या नोंदीत ती होती. २००३ च्या चौकशी अहवालाने तिला वाचवण्याच्या किमान बारा संधी हुकल्याचं दाखवलं. त्या बाईसमोर ती ताठ उभी राहायची. भीतीने उभी राहायची, पण कार्यकर्तीला तो त्यांच्या संस्कृतीतला आदर वाटला. कोणीच तिच्याशी निवांत, तिला समजेल अशा भाषेत बोललं नाही. म्हणून ‘आमच्यात असंच असतं’ हे वाक्य कोणाच्या तोंडून येतंय हे बघावं. ते मुलाच्या तोंडून सहसा येत नाही.

आरोपी घरचाच असेल तेव्हा

आता जरा अवघड विषयाकडे. सवर्ण वस्तीतल्या माणसाने आपल्या मुलीवर हात टाकला की आपण पॉक्सो आणि अॅट्रॉसिटी दोन्ही लावून घेतो, ठाण्यासमोर बसतो, मोर्चा काढतो. ते केलंच पाहिजे. पण तोच प्रकार सावत्र बाप, मामा, चुलतभाऊ किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाकडून झाला की बैठक बसते. ‘समाजाची बदनामी होईल’, ‘विरोधकांना कोलीत मिळेल’, ‘पोरीचं लग्न व्हायचंय’. माफीनामा लिहून घेतला जातो, कधी दंड ठरतो. पोरगी त्याच घरात झोपते. केंद्र सरकारच्या २००७ च्या अभ्यासात कुटुंबात शारीरिक छळ झालेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते, आणि लैंगिक छळ करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे होते. बाहेरच्याशी लढायची सवय असलेल्या चळवळीला हे आकडे गैरसोयीचे आहेत. त्याला माझा इलाज नाही.

पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. मिटवामिटवीच्या बैठकीला बसलेल्या प्रत्येकाने हे लक्षात घ्यावं. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. आरोपी त्याच घरात राहणारा असेल तर मुलाला समितीपुढे हजर करायचं, आणि तिथून तीन दिवसांत समितीने ठरवायचं की मुलाला त्या घरातून काढण्याची गरज आहे का.

काय पाहून ठरवायचं, हे २०२० च्या पॉक्सो नियमांत दिलं आहे. पालक मुलाची तातडीची काळजी, उपचार, समुपदेशन पेलू शकतात का. मुलाने घरच्यांजवळ राहण्याची गरज किती. त्याचं वय, समज, आर्थिक-सामाजिक स्थिती. अपंगत्व किंवा दीर्घ आजार. घरात आधी हिंसा झालेली आहे का. आणि मुलाचं स्वतःचं म्हणणं. व्यवहारात सगळं बहुतेक वेळा एका प्रश्नावर येऊन थांबतं: आई मुलीवर विश्वास ठेवते का? आई मुलीच्या बाजूने उभी असेल आणि आरोपी अटकेत किंवा घराबाहेर असेल, तर मुलगी घरीच बरी होते. आई ‘पोरगी खोटं बोलते’ म्हणत असेल, तर त्या घरी पाठवणं म्हणजे जबाब फिरवायला पाठवणं.

मुलीने घर सोडायचं आणि आरोपी जामिनावर सुटून घरात राहायचा, हा अन्याय नेहमी होतो. यावर एक हत्यार आपण फार कमी वापरतो. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या (२००५) कलम १९ खाली न्यायालय त्या पुरुषाला घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतं, आणि आई हा अर्ज करू शकते. तो करायला तालुक्याचे संरक्षण अधिकारी मदत करतात. समिती मुलीसाठी एक सहायक व्यक्ती नेमू शकते, जी ठाण्यापासून न्यायालयापर्यंत तिच्याबरोबर राहते. अन्न, कपडे, प्रवासासाठी तातडीच्या मदतीची शिफारसही समिती करू शकते. हे मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून लेखी मागा.

बालविवाहाचंही असंच आहे. राज्यात २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, आणि मराठवाड्यातल्या बीड, परभणीसारख्या जिल्ह्यांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आहे. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. मांडवात जाऊन लग्न थांबवणं आपल्या पोरांना जमतं. त्यानंतर पालक हमीपत्र देतात, मुलगी घरी जाते आणि दीड महिन्याने पाहुण्याच्या गावात चार माणसांत उरकलं जातं. म्हणून लग्न थांबलेल्या मुलीचं नाव समितीच्या नोंदीत यायला हवं, गृहभेटी व्हायला हव्यात, आणि ती शाळेत किंवा वसतिगृहात पोहोचली की नाही हे कोणीतरी बघायला हवं. कोयत्यावर जाताना वयात आलेली पोरगी मागे कोणाजवळ ठेवायची, ही आईबापाची भीती खरी असते. तिचं उत्तर न देता फक्त कायदा दाखवला, तर लग्न लपून होतं.

वस्तीतल्या कार्यकर्त्याने काय करावं

मूल स्वतः काही सांगू लागलं तर ऐकून घ्यावं. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. ‘सांगितलंस ते बरं केलंस, आता कोणाला सांगायचं ते आपण बघू’ एवढं पुरतं. खात्री करण्यासाठी पुन्हा पुन्हा विचारू नये. वस्तीतल्या पाच जणांनी पाच वेळा विचारलं की सहाव्या वेळी, पोलिसांसमोर, मूल गप्प होतं किंवा गोष्ट बदलते, आणि बचाव पक्षाच्या वकिलाला तेच हवं असतं. आरोपीला आधी जाऊन जाब विचारू नये, तो त्या रात्री त्याचा राग घरातच काढतो.

मुलाचा फोटो, नाव, शाळा, गाव, आईबापाचं नाव ग्रुपवर टाकणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. निषेधाच्या बॅनरवरसुद्धा चालत नाही. आपल्या भागात हे सर्रास होतं, आणि करणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ती मुलगी वर्षाने शाळेत परत जाते तेव्हा तो फोटो अजून कोणाच्यातरी मोबाइलमध्ये असतो.

तक्रार केल्यावर तारीख, वेळ, कोणाशी बोललो हे वहीत लिहून ठेवा. समितीचा आदेश पटला नाही तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. ही वही तेव्हा लागते.

विहारांबद्दल एक मुद्दा. राहुलाला प्रव्रज्या दिल्यावर शुद्धोदनाने आपलं दुःख तथागतांपुढे मांडलं, आणि त्यानंतर आईवडिलांच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या द्यायची नाही असा नियम झाला, हे विनयात आलेलं आहे. घर सोडून आलेल्यांच्या संघानेही मूल आणि घर यांच्यातला धागा इतका गंभीरपणे घेतला. आज उन्हाळ्यात आपली श्रामणेर शिबिरं होतात, बारा-तेरा वर्षांची मुलं आठ-दहा दिवस विहारात राहतात. पालकांची लेखी संमती, मुलांजवळ एकाऐवजी कायम दोन मोठी माणसं, रात्री झोपण्याची वेगळी व्यवस्था, मुलाला रोज घरी फोन करता येईल अशी सोय आणि १०९८ हा नंबर भिंतीवर, एवढं प्रत्येक शिबिरात असावं. ‘आपल्या विहारात असं काही होत नाही’ हे सुरक्षेचं नियोजन नव्हे. सगळ्याच धर्मांच्या संस्था तसंच म्हणत आल्या आहेत.

ग्राम बाल संरक्षण समिती बहुतेक गावांत कागदावर आहे. सरपंच, अंगणवाडी सेविका, मुख्याध्यापक वगैरे. आपल्या तरुणांनी ग्रामसभेत तिची नोंदवही बघायला मागावी. तिचं सगळ्यात उपयोगाचं काम दसरा-दिवाळीच्या सुमारास असतं, टोळ्या गाडीत बसायच्या आधी. कुठल्या घरातली कोणती मुलं मागे राहणार आहेत, कोणाजवळ राहणार आहेत, ते माणूस मुलांना सांभाळू शकेल असं आहे का, घरात आणखी कोण असतं, आईबापाचा आणि मुकादमाचा फोन नंबर काय, शाळेचं हंगामी वसतिगृह सुरू झालं का आणि त्यात या मुलांची नावं आहेत का. एका गावासाठी ही यादी करायला दोन संध्याकाळी लागतात. ती अंगणवाडीताई आणि मुख्याध्यापकांकडे एक-एक प्रत द्यावी, आणि एक जिल्हा बाल संरक्षण कक्षात पोचवून पोच घ्यावी. मग महिन्यातून एकदा त्या घरांत चहा प्यायला जावं, आणि जाताना मुलांशी बोलावं, आजीशी आणि चुलत्याशी बोलून झाल्यावर, वेगळं.